पाखरं ओळखायला मोबाईल कशाला म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठ-दहा दिवसांत तोच फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आला, एकदा तर शिक्षकांच्याच ग्रुपवर, आणि खाली अंगठ्यांची रांग. मजकूर थोडक्यात असा की खेड्यातल्या पोराला पक्षी-प्राणी जन्मताच ओळखू येतात, त्याला ॲप कशाला, ॲप चुकीचं सांगतं आणि तेही इंग्रजीत, खरे जंगलवाले मोबाईल नाही तर पाऊलखुणा बघतात, हातात मोबाईल दिला की पोरं रील बघणार, आणि उद्या सापाचा फोटो काढायला जाऊन जीव गमावणार. मी भंडारा जिल्ह्यात मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावाच्या, काठच्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवतो, दोन वर्षं झाली असली ॲपं वर्गात वापरतोय, म्हणून म्हटलं अंगठा देण्यापेक्षा लिहून टाकू.

जन्मताच येतं म्हणे. कुठून येणार बाप्पा? ज्या आज्याला येतं त्याच्यासंगं नातू आता गुरं घेऊन जातच नाही, तो सकाळी सातला ट्युशनला जातो. आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पावशा तेव्हा 'पेरते व्हा, पेरते व्हा' करून डोकं उठवत असतो आणि तो आवाज वर्गातल्या एकूण एक पोट्ट्याला माहीत आहे. पण त्याच आठवड्यात पटांगणातल्या कडुनिंबावर पावशा येऊन गपचूप बसला तर सगळा वर्ग एका सुरात 'शिक्रा! शिक्रा!', म्हणजे तो छोटा शिकारी पक्षी. चूक पोरांची नाही, तो दिसतोच तसा, राखाडी पाठ, पोटावर आडव्या रेघा, उडायची ढबही शिकऱ्याची, चिमण्या-बुलबुलसुद्धा फसून कलकलाट करत होत्या. फोटो ॲपला दाखवला तर त्यानं दोन्ही नावं समोर ठेवली. मग झाली भांडणं सुरू. मी म्हटलं चोच बघा. मागच्या बाकावरची एक पोरगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणे, "सर, याची चोच आकड्यावानी नाही जी, आन् डोळ्याभोवती पिवळं कडं हाये." तो उडून मागच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे गेला आणि थोड्या वेळानं तिकडूनच पेरते व्हा सुरू झालं. ती पोरगी दिवसभर तोऱ्यात होती.

हे झालं फोटोचं. मर्लिन नावाचं ॲप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, २०१४ पासून आहे, फुकट आहे, त्यात फोटो नसला तरी चालतं, ते उलट तुम्हालाच विचारतं की कुठं दिसला, कधी, केवढा होता, रंग कोणते, काय करत होता. मला विचाराल तर सगळ्यात कामाचा भाग हाच. 'सर, एक पिवळं पाखरू दिसलं' एवढंच सांगणारं पोरगं पुढच्या वेळी तारेवर होतं की जमिनीवर हे बघूनच येतं. फक्त आकार सांगायला त्यात चिमणी, रॉबिन, कावळा, हंस अशी मापं आहेत आणि तो रॉबिन अमेरिकेतला, आमच्या पोरांनी कुठं पाहिला? आम्ही रॉबिनच्या जागी साळुंकी म्हणतो, काम भागतं.

आता चुकीचं सांगतं याबद्दल. हो, सांगतं ना! मर्लिन आवाजावरूनही पक्षी ओळखतं, एकदा त्यानं तसा शिक्रा दाखवला आणि समोर फांदीवर बसलेला निघाला कोतवाल. पोरं ॲपवर हसली, मग मीच सांगितलं की कोतवाल शिकऱ्याची हुबेहूब नक्कल करतो, आणि त्यानंतर आठवडाभर जो तो कोतवालाखाली कान देऊन उभा. कीटक-झाडांसाठी आम्ही सीक नावाचं दुसरं ॲप वापरतो, त्याला खातं उघडावं लागत नाही, पोरांच्या बाबतीत हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यात वर ठिपके असतात, जसजशी ओळख पटते तसतसे भरत जातात, आणि खात्री नसली तर ते कुळावर किंवा प्रजातीच्या अलीकडे थांबून राहतं, पुढं जात नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कधी असं थांबता आलं असतं तर!

इंग्रजीचं म्हणणं मात्र निम्मं बरोबर आहे, आमच्या मोबाईलवर नावं इंग्रजी येतात. त्यावर आमचा उपाय म्हणजे दोन रकान्यांची वही, डावीकडे ॲपचं नाव, उजवीकडे गावचं, आणि उजवा रकाना घरी किंवा गावात विचारूनच भरायचा. 'लेसर व्हिसलिंग डक' लिहून आणलेल्या पोराला तलावावर जाळं टाकणाऱ्या ढिवर आजोबांनी क्षणात सांगितलं, "अडई हाये ते." वर ती रात्री शीळ घालत उडते, बसते कुठं, हेही. त्या म्हाताऱ्याशी हा पोरगा त्याआधी कधी बोलला नव्हता. नेट लागतं म्हणाल तर तेही खोटं, मर्लिनचा पॅक, म्हणजे आपल्या भागातल्या पक्ष्यांची माहिती, एकदा तालुक्याला डाउनलोड करून आणला की तलावावर रेंज नसतानाही चालतं.

जंगलवाले फक्त पाऊलखुणा बघतात हे तर फारच जुनं झालं. वाघ मोजायची ती पद्धत देशानं कधीच मागं टाकली, २००६ च्या गणनेपासून कॅमेरे आले. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते, त्यात वन्यप्राण्यांचे जवळपास ३ कोटी ४८ लाख फोटो आले, आता एवढ्यातून वाघ, बिबट, रानडुक्कर हातानं वेगळे करायला किती पिढ्या लागल्या असत्या सांगा! ते सॉफ्टवेअरनं केलं, आणि कोणता वाघ कोणता हेही पट्ट्यांवरून सॉफ्टवेअरच जुळवतं, कारण पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, दोघांचे सारखे नसतात. वनरक्षकाच्या खिशातसुद्धा गस्तीची नोंद ठेवायचं ॲप आहे. पायवाटेवरचा पंजा तो अजूनही वाचतो, त्यात काही भांडण नाही.

रीलचं काय, मोबाईल एकच आहे, माझा, फ्लाइट मोडवर, गळ्यात दोरीनं. पुढं चला.

सापाच्या मुद्द्यावर मी फॉरवर्डच्या बाजूनं आहे, पूर्ण. आमच्या शाळेत साप आणि सात्या, म्हणजे पावसाळ्यात निघणारे मशरूम, या दोन गोष्टींवर ॲप चालवायची बंदी आहे. कवड्या आणि मण्यार घ्या, पहिला बिनविषारी, दुसरा जहाल विषारी. दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे, कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे, मण्यारचे नेमके उलटे, मानेकडे पुसट. हे वर्गात चित्रावर शिकवायला छान आहे, रात्री बारा वाजता बॅटरीच्या उजेडात तपासायला नाही. मण्यार चावलेलं बरेचदा दुखतही नाही, खाली झोपलेल्या माणसाला कळत नाही. आणि चावल्यावर साप ओळखत बसायची गरजच नसते, नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष दिलं जातं, डॉक्टर लक्षणं बघून ते देतात. तेव्हा फोटो नाही, मांत्रिक नाही, गाडी काढायची आणि सरळ दवाखाना. ही ओळ पोरांच्या वहीत पहिल्या पानावर आहे.

ज्या भाऊजींनी हे शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं त्यांना निरोप, रविवारी सकाळी सहाला तलावाच्या पाळीवर या. वहीत अकरा नावांपुढचा उजवा रकाना अजून कोरा आहे, तुमच्या आईला कदाचित माहीत असतील, त्यांनाही आणा. दुर्बीण एकच आहे, रांगेत उभं राहावं लागेल.