ऑर्डर लागली म्हणून पेढे वाटू नका

मित्राचा मुलगा काल सांगलीजवळच्या कुपवाडला आमच्या कपाटांच्या शेडवर आला होता. पत्र्याचं काम नुकतंच सुरू केलंय त्यानं. म्हणाला, "काका, जेमवर नाव नोंदवू का?" जेम म्हणजे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल. म्हटलं, नोंदव की. पण ऑर्डर लागली म्हणून लगेच पेढे वाटू नकोस. तो हसला. चेष्टा वाटली असणार, म्हणून हे लांबण लावतोय.

आमच्या आप्पांनी सरकारी ऑफिसांना कपाटं दिली ती जुन्या रीतीनं. टेंडरचा फॉर्म विकत आणायचा, डीडी काढायचा, सीलबंद लिफाफा पेटीत टाकायचा. "फॉर्म संपले" म्हणणारा एखादा क्लार्क असायचाच. दिल्लीत तेव्हा केंद्राचं पुरवठा महासंचालनालय होतं. ते दर ठरवायचं आणि ऑफिसं त्या दरानं माल उचलायची. दर ठरलेल्या कारखान्यांच्या यादीत आपलं नाव लागेल हे आप्पांच्या स्वप्नातही आलं नसेल. ऑगस्ट २०१६ मध्ये जेम आलं आणि पुढच्या वर्षी ते खातंच गुंडाळलं. पोर्टलवर जे मिळतं ते केंद्राच्या ऑफिसांनी तिथूनच घ्यायचं, हा नियमही २०१७ चा. आज मी कुपवाडात बसून आसामातली बिड, म्हणजे ऑनलाइन टेंडर, बघतो. फॉर्मसाठी कुणाला चहा पाजावा लागत नाही. पोर्टलला शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही.

लहान उद्योग म्हणून सरकारची उद्यम नोंदणी असली की बयाणा रक्कम माफ होते. केंद्राच्या २०१२ च्या धोरणानुसार वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के वाटा आपल्यासारख्या लहानांसाठी आहे. त्यातली मेख मात्र नीट वाच. सगळ्यांत कमी भाव मोठ्या कंपनीचा आला आणि आपला भाव त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर आपल्याला विचारतात. पण काय विचारतात? "त्याच्या भावात देता का?" म्हणजे त्याचे १०० आणि आपले ११२ असले, तरी द्यायचं १०० लाच. यालाही सवलत म्हणतात.

आणि तो एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी भाव भरणारा. बिडमध्ये पत्रा ०.८ मिलिमीटर लिहिलेला असतो. आपण पत्र्याचा भाव, पावडर कोटिंग, भाडं धरून हिशेब करतो आणि कुणीतरी आपल्या नुसत्या मटेरियलच्या खर्चात अख्खं कपाट टाकतो. कसं परवडतं? पत्रा ०.६ चा लावायचा आणि वर कोटिंग जाड मारायचं. माल उतरवून घेणाऱ्याच्या खिशात मायक्रोमीटर नसतो. तो दार उघडून बघतो, कुलूप फिरवतो आणि बाहेरून एक थाप मारतो. थापेचा आवाज आम्हाला कळतो, त्याला कसा कळणार?

आता माझंच ऐक. २०२१ चा पावसाळा, पत्र्याचे भाव भडकलेले. कोकणातल्या एका ऑफिसची ४० कपाटं, दोन आयशर ट्रक. ताडपत्री बांधून आंबा घाट उतरलो. स्टोअरकीपर भला माणूस. भिजत उभा राहून एकेक कपाट मोजलं, चलनावर सही दिली, गोल शिक्का मारला. मी खुशीत, साखरप्यात मिसळ खाऊन परत आलो.

त्या शिक्क्याला पोर्टलवर काडीची किंमत नव्हती. तिथं लागतं माल मिळाल्याचं आणि पसंत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे सीआरएसी. ते कन्साइनी, म्हणजे माल ताब्यात घेणारा, म्हणून ज्या साहेबांचं नाव आहे त्यांच्याच लॉगिनमधून निघतं. नियमानं माल पोचल्यापासून १० दिवसांत ते निघावं आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे यावेत. साहेब ट्रेनिंगला होते. मग रजेवर. मग त्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांचं लॉगिन व्हायचं होतं. सीआरएसी नाही म्हणजे पोर्टलच्या लेखी पैशाची मुदत सुरूच झालेली नाही. उशीर कुणाचा? कुणाचाच नाही! कपाटांत फायली लागून धूळ बसली तेव्हा पैसे आले, तेही जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापून. तो आपल्याच खात्यात जमा होतो म्हणा, पण बँकेच्या सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जावर, व्याज मीच भरलं ना!

माझी तक्रार एवढीच. भाव खाली पाडायला पोर्टलवर सेकंदा-सेकंदाचं घड्याळ आहे, रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे भाव उतरवत न्यायचा उलटा लिलाव, बघ एकदा, घाम फुटतो. माल उतरल्याची वेळ धरायला मात्र कुणी घड्याळ लावत नाही.

कायदा नाही असं नाही. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात त्यांचे पैसे द्यायला ४५ दिवसांची कमाल मुदत आहे. ती ओलांडली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, तेही चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशांसाठी सरकारकडे ऑनलाइन तक्रारही करता येते. सीएला विचारलं तर तो म्हणाला, "करा की, पण त्या ऑफिसची पुढची बिड भरणार आहात ना?" मी गप्प बसलो. लहान उद्योगाचे पैसे थकवले तर ती रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येणार नाही, अशी इन्कम टॅक्सची मेख आली, तेव्हा खाजगी कंपन्या मार्चमध्ये धावत पैसे द्यायला लागल्या. सरकारी खातं इन्कम टॅक्स भरतच नाही. त्याला कशाची भीती?

मी बिड भरणं सोडलेलं नाही. फक्त गाडी भरायच्या आधी ऑफिसला फोन करतो. परवाच्या लोडला तर आयशरवाल्यानं ताडपत्री बांधता बांधता मलाच विचारलं, "मालक, साहेब जाग्यावर हाईत न्हवं?"