साडूभाऊ आणि पफिन

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर गाडीचं दार उघडण्याचं एक शास्त्र आहे. आधी गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, मग दार दोन्ही हातांनी धरून इंचाइंचानं उघडायचं, आणि एका वेळी एकच. भाड्यानं गाडी देणाऱ्या माणसानं इंजिनाबद्दल चकार शब्द काढला नाही, पण दारांवर प्रवचन दिलं. "जून महिन्यात कसला आलाय वारा!" असं साडूभाऊ मागच्या सीटवरून म्हणाले आणि पहिल्याच थांब्यावर त्यांची टोपी नॉर्वेच्या दिशेनं रवाना झाली.

साडूभाऊ ठाण्याचे, बँकेतून निवृत्त. आम्ही ॲबर्डीनला राहतो म्हणून ते दोघं आमच्याकडे आले आणि येताना एक तक्ता घेऊन आले. लॅमिनेट केलेला. ठिकाण, पोचायची वेळ, निघायची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात 'काय पाहणे'. त्या रकान्यात पफिन एकूण तीनदा होता. रंगीत चोचीच्या या ठेंगण्या पक्ष्याचा फोटो नातवाला पाठवायचं ते कबूल करून बसले होते.

पहिलं ठिकाण मार्विक हेड. आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेचं हे अभयारण्य. अभयारण्य म्हटल्यावर मेहुणीनं झाडं शोधायला सुरुवात केली. झाड एकही नाही. नुसता गवताचा चढ, आणि चढ संपतो तिथे जमीनही संपते. खाली ऐंशी मीटरहून जास्त उंचीचा सरळसोट कडा आणि त्याच्या पायाशी अटलांटिक. आधी वास येतो, मग आवाज, पक्षी सगळ्यात शेवटी दिसतात. पण दिसतात ते हजारोंनी. गिलेमॉट तर घरटं बांधण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. वीतभर कपारीवर खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि अंडं उघड्या दगडावरच घालतात. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की नीट उडता येत नसतानाच कड्यावरून खाली उडी टाकतं. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो, आणि पुढचे काही आठवडे तोच त्याला सांभाळतो.

"आणि आई?" मेहुणीनं विचारलं. आई त्यात नसते हे कळल्यावर तिनं साडूभाऊंकडे असं काही पाहिलं की ते घाईनं तक्ता वाचू लागले.

पफिन नव्हता. मेहुणीनं मग चिवड्याचा डबा काढला. झाकण निघालं मात्र, पोहे एका झोतात कड्यापलीकडे गेले. पाठोपाठ कढीपत्ता गेला, खोबऱ्याचे काप गेले. डब्यात शेंगदाणे आणि थोडं मीठ उरलं. घरी सुपात इतकं स्वच्छ पाखडलं जात नाही. कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा शेजारून जाताना म्हणाले, "आज जरा झुळूक आहे."

कड्यावर एक दगडी मनोरा आहे, किचनरच्या स्मरणार्थ 1926 मध्ये उभारलेला. हा तोच किचनर, हिंदुस्थानचा सरसेनापती असताना ज्याच्याशी झालेल्या भांडणात कर्झननं 1905 मध्ये राजीनामा दिला. 5 जून 1916 ला रशियाकडे निघालेली त्याची 'हॅम्पशायर' ही युद्धनौका याच किनाऱ्यासमोर, वादळात, जर्मन सुरुंगावर आदळून बुडाली. 737 माणसं गेली, बारा वाचली. किचनरचा देहही सापडला नाही. साडूभाऊ हे सगळं वाचून थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तक्त्याप्रमाणे आपण वीस मिनिटं मागे आहोत."

स्कारा ब्रे मात्र वेळेत उरकलं. 1850 च्या एका वादळानं वाळूची टेकडी उघडी केली आणि खालून सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. दगडी पलंग, मधे चूल, आणि दारातून आत शिरताच समोर दगडी मांडणी. "आल्यागेल्याला भांडी दिसली पाहिजेत," मेहुणी म्हणाली. पुरातत्त्वज्ञांनीही यावर बरंच लिहिलं असेल, पण इतक्या कमी शब्दांत नसावं.

ब्रॉ ऑफ बर्सी तक्त्यात सकाळी दहाला होतं. हे छोटं बेट भरतीला तुटतं आणि ओहोटीच्या आधी-नंतर मिळून साधारण चार तास त्यावर चालत जाता येतं. समुद्राची ओहोटी त्या दिवशी दुपारी होती. साडूभाऊंनी 'दहा' खोडून पेननं 'चार' लिहायचा प्रयत्न केला, पण लॅमिनेशनवर पेन उठेना.

वाटेत आर्क्टिक टर्नची वस्ती लागली. आपल्याकडच्या सुरय पक्ष्याच्या कुळातला हा. दरवर्षी अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येतो, पण आपल्या पिल्लांजवळून कुणी चार पावलं गेलेलं त्याला खपत नाही. सरळ डोक्यात चोच मारतो. तो सगळ्यात उंच गोष्टीवर हल्ला करतो, म्हणून काठी डोक्याच्या वर धरायची असते. काठी नव्हती. साडूभाऊंनी तक्ता धरला. तक्त्यानं टोचे सोसले, शिवाय 'निघायची वेळ' या रकान्यावर पांढरा शिक्का बसला.

बेटावर पोचलो तेव्हा पाणी चढायला तासभर उरला होता. साडूभाऊ पुढे जाऊन दीपगृहाचा फोटो काढत होते, आमच्याकडे तोंड करून. तेवढ्यात त्यांच्या मागे, जेमतेम दहा पावलांवर, बिळातून एक पफिन बाहेर आला. पाठोपाठ दुसरा समुद्राकडून उडत आला, चोचीत माशांची आडवी रांग.

"भाऊजी! मागे! मागे बघा!" बायको ओरडली. मी दोन्ही हात हलवले. मेहुणीनं ओढणी फडकवली. वाऱ्यानं सगळा आवाज अलगद उचलून भलतीकडे नेला. साडूभाऊंना फक्त हातवारे दिसले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग समुद्राकडे, आणि कॅमेरा छातीशी धरून उतारावरून जे धावत सुटले ते आमच्या मधून पार होऊन, शेवाळलेल्या वाटेवर दोनदा घसरून, पलीकडच्या किनाऱ्याला लागूनच थांबले.

आम्ही पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "काय ओरडत होतात तुम्ही?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मेहुणीकडे पाहिलं.

"काही नाही भाऊजी," बायको म्हणाली. "पाणी येतंय म्हणत होतो."