ऑटोमॅटिक, पण कुठली?

"गाडी ऑटोमॅटिक आहे ना, मग झालं!" काय झालं? एएमटी, सीव्हीटी, डीसीटी, टॉर्क कन्व्हर्टर, आयएमटी... गिअरबॉक्सचे इतके प्रकार, सगळ्यांना एकच नाव! आयएमटीत तर क्लचचं पेडल नाही, गिअर मात्र हातानेच बदलायचे. अर्धा उपवासच म्हणा ना!

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायला नि गिअर टाकायला तेवढा यांत्रिक हात, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. गिअर बदलताना नंदीबैलासारखी मान हलवते. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नसेल तर पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर ब्रेक सोडला की गाडी मागे. मग लोक काय करतात? अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवतात! आत क्लच प्लेट अर्धवट टेकून घासते, करपल्याचा वास येतो, आणि दोष कोणाला? गाडीला. अहो, हँडब्रेक कशाला दिलाय?

डीसीटीत दोन क्लच. ते ड्राय, म्हणजे तेलात न बुडलेले असले, तर तिचंही तेच. पणजीजवळच्या पर्वरीच्या कोंडीत वीतवीत सरकवत राहा, क्लच तापून डॅशबोर्डवर इशारा येणारच. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच हला. पण तेवढा धीर मागच्या हॉर्नला आहे?

आणि तेल! सीव्हीटीत स्टीलचा पट्टा दोन पुल्यांमध्ये निव्वळ घर्षणावर चालतो, म्हणून त्याला सीव्हीटीचंच तेल लागतं. तरी कोपऱ्यावरचं गॅरेज बिनधास्त साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं तेल, ओततं. "सगळं सारखंच, पात्रांव!" सारखंच? पट्टा घसरून पुलीवर ओरखडे उठले की मग अख्खा गिअरबॉक्स बदला.