चोवीसची रात्र की पंचवीसची दुपार?

भांडण सुरू झालं ते एका कागदावरून. आमचा बारक्या हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला प्रकल्प मिळालाय: बारा माणसांच्या कुटुंबाचं नाताळचं जेवण, मेन्यू आणि कामाच्या वेळापत्रकासकट. कट्ट्यावर आला तो कागद नाचवतच. वर ठळक अक्षरांत 'अस्सल नाताळचं जेवण'. खाली भाजलेली टर्की, तिच्या पोटात भरायचं सारण, भाजलेले बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट, क्रॅनबेरीचा सॉस, ग्रेव्ही, आणि शेवटी ब्रँडी ओतून पेटवायचं पुडिंग.

"आधी तो 'अस्सल' खोड," मास्तर म्हणाले. मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झालेत, त्यामुळे असे शब्द त्यांना टोचतात.

"का म्हणून? सगळ्या जगाला हेच जेवण माहितीय."

"जगाला त्याचं चित्र माहितीय. टर्की हा अमेरिकेतला पक्षी. स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात आला सोळाव्या शतकात. नाताळ साजरा होतोय चौथ्या शतकापासून. मग मधली बाराशे वर्षं लोक उपाशी होते का?"

मग मास्तरांनी इंग्लंडचा नाताळच उलगडला. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या कामगार वस्तीतल्या घरी नाताळला असायचा तो गूज, म्हणजे पाळीव हंस. तोही एकदम परवडायचा नाही. म्हणून गूज क्लब असत, एक प्रकारची भिशीच. दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे आणि डिसेंबरात पक्षी घरी न्यायचा. तो भाजण्याएवढी भट्टी घरात कुठली? मग गल्लीतल्या बेकरकडे भांडं द्यायचं आणि दुपारी जाऊन आणायचं. टर्की सामान्य घरात रुळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धात सुरू झालेलं रेशन 1954पर्यंत चाललं. ते उठलं, घरोघरी फ्रिज आले, कोंबड्यांसारख्या टर्क्याही मोठ्या प्रमाणावर पाळायला लागले, तेव्हा कुठे. "म्हणजे तुझं अस्सल जेवण माझ्या वयाचं आहे," मास्तर म्हणाले.

नर्सताईंना हे रुचलं नाही. त्यांनी आठ वर्षं इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात काढली आहेत आणि तिथल्या घरांत पंगतीला बसल्या आहेत. "इतिहास बरोबर असेल मास्तर, पण सत्तर वर्षांत दोन-तीन पिढ्या त्या जेवणावर वाढल्यात. ज्या आजीने पन्नास वेळा ती टर्की भाजली, तिला सांगणार का तुमचं अस्सल नाही म्हणून?"

मास्तर गप्प झाले. मला ताईंचं म्हणणं पटलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते बारक्याच्या कोणत्याही पुस्तकात नसेल. सहा किलोची गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये पूर्ण सुटायला तीन दिवस लागतात, आणि दरवर्षी कुठल्या तरी घरात ते विसरलं जातं. छातीचं मांस लवकर शिजतं, मांडीचं उशिरा; मांडी होईपर्यंत छाती कोरडी पडते. पक्षी बाहेर काढला की निदान अर्धा तास तसाच ठेवायचा, म्हणजे रस आत मुरतो. तेवढ्यात ओव्हन मोकळा मिळतो, त्यात बटाटे कुरकुरीत करायचे. पुडिंगचं काम तर महिनाभर आधीच झालेलं असतं. अ‍ॅडव्हेंट म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे; ते सुरू होण्याआधीच्या रविवारी घरातला प्रत्येकजण ते मिश्रण एकदा ढवळतो आणि मनात काहीतरी मागतो. "त्या रविवारचं नावच 'स्टर-अप संडे'. त्या दिवसाच्या प्रार्थनेची सुरुवात त्या शब्दांनी होते, तिथून आलंय."

इतका वेळ भंडारीकाका काही बोलले नव्हते. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. काकांनी मालवाहू जहाजांच्या गॅलीत तीस वर्षं काढली. त्यांनी कागद हातात घेतला, वरून खाली वाचला आणि विचारलं, "हे जेवण कधी वाढायचं?"

"नाताळला."

"नाताळला म्हणजे चोवीसला की पंचवीसला?"

बारक्याला प्रश्नच कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही कळला नाही.

"मी पहिल्यांदा चीफ कुक झालो तेव्हाची गोष्ट," काका म्हणाले. "एकवीस माणसं. अधिकारी पोलिश, इंजिनवर दोन युक्रेनी, बाकी फिलिपिनो. मला वाटलं, सगळेच ख्रिस्ती आहेत, सोपं काम. चोवीसला संध्याकाळी सातला मी टर्की मांडली, हॅम मांडलं. सेकंड इंजिनियर आला, पोलिश. टेबलाकडे बघितलं, पाव घेतला, उकडलेले बटाटे घेतले आणि कोपऱ्यात जाऊन बसला. मला वाटलं माझ्या हातचं आवडलं नाही. रात्रभर झोप नाही आली मला. सकाळी तोच गॅलीच्या दारात उभा. म्हणाला, काल उपास होता. आता दे."

पोलंडमध्ये चोवीसच्या रात्रीचं जेवण हे मुख्य. त्याला विगिलिया म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही, आणि चांदणी शोधायचं काम पोरांचं. आधी ओप्वातेक नावाची पातळ पांढरी पापडी हातात घेऊन प्रत्येकजण दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडतो आणि त्याचं भलं चिंततो. मग बारा पदार्थ, पण मांस एकातही नाही: बीटचं आंबट सूप, त्यात अळंबी भरलेल्या कानाच्या आकाराच्या चिमुकल्या उकडलेल्या करंज्या, कार्प मासा, हेरिंग, कोबी भरलेले पिएरोगी, म्हणजे मोठ्या उकडलेल्या करंज्याच. टेबलावर एक ताट जास्तीचं असतं, अवचित कुणी दारात आला तर त्याच्यासाठी. चर्चने आता त्या दिवसाचा उपास सक्तीचा ठेवलेला नाही, तरी बहुतेक घरांत तो पाळतात.

"आणि युक्रेनी?" मी विचारलं.

"त्यांनी तर पंचवीसलाही मांसाला हात लावला नाही. त्यांचा नाताळ तेव्हा 7 जानेवारीला असायचा, म्हणजे ते अजून उपासातच. फिलिपिनो पोरांची तिसरीच तऱ्हा. त्यांना चोवीसला रात्री मांस हवं होतं, पण मध्यरात्रीनंतर. नोचे बुएना म्हणतात त्याला. नऊ दिवस पहाटेची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, करायची आणि शेवटच्या रात्री बारा वाजता हॅम, नूडल्स आणि लाल मेणातला चीजचा गोळा फोडायचा. मी सातलाच सगळं मांडून थंड करून ठेवलेलं. एका मेसमध्ये तीन नाताळ होते आणि मी तिन्ही चुकवले."

युक्रेनचं आता बदललंय. 2023 साली तिथे कायद्याने नाताळ 25 डिसेंबरला आणला. पण नाताळच्या आदल्या रात्रीचे बारा पदार्थ तसेच राहिले, आणि त्यांत पहिला मान 'कुत्या' नावाच्या पदार्थाचा: शिजवलेला गहू, वाटलेली खसखस आणि मध.

काकांच्या या एका प्रश्नाने माझ्या डोक्यातलं बरंच काही जागेवर बसलं. इटलीत चोवीसला मासेच का असतात, पोर्तुगालमध्ये त्या रात्री खारवलेल्या कॉड माशाशिवाय का भागत नाही, चेक घरांत कार्प आणि बटाट्याचं सॅलड का, हे मी नेहमी नुसती 'तिथली आवड' म्हणून वाचत आलो होतो. ती उपासाची ताटं आहेत. पंचवीसचं मांस हे उपास सुटल्याचं मांस आहे. मेजवानीत काय आहे हे समजायला आदल्या दिवशी काय वर्ज्य होतं ते माहीत हवं, असं मी म्हणालो, आणि मास्तरांनी लगेच पुरावा दिला.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा श्टोलेन, म्हणजे तिथला नाताळचा पाव. आज तो लोणी, बेदाणे आणि बदामांनी जड झालेला असतो. पण नाताळआधीच्या उपासात लोणी चालत नसे, म्हणून तो नुसतं पीठ, पाणी आणि तेल घालून करायचे, बेचव, कडक. त्या प्रांताच्या, म्हणजे सॅक्सनीच्या, राजघराण्याने लोण्याची परवानगी थेट रोमकडे मागितली. पंधराव्या शतकाच्या शेवटी पोप आठवे इनोसंट यांनी ती पत्राने दिली. "पावातल्या लोण्यासाठी पोपचं पत्र!" मास्तर म्हणाले. "आणि उलटंही झालंय. 1647मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळच रद्द केला, तर कँटरबरीत दंगल झाली."

नर्सताईंना त्यांच्या वॉर्डमधली इथिओपियाची सहकारी आठवली. तिचा उपास 43 दिवसांचा: मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. 7 जानेवारीला, रात्रभराची प्रार्थना आटोपून आली की डोरो वॉट. कांदा आधी कोरडाच, तासन् तास परतत राहायचा, मग त्यात बेरबेरे मसाला आणि मसाल्याचं लोणी, कोंबडीचे बारा तुकडे, वर उकडलेली अंडी. खाली इंजेराची मोठी आंबवलेली भाकरी, आणि सगळे त्याच एका ताटात जेवतात. "43 दिवसांनी लोण्याचा पहिला वास आला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी बघितलंय."

मी भारावून उपासाबद्दल आणखी काही बोलणार, तेवढ्यात ताईंनी मला अडवलं. "उपासाचं कौतुक करतोस, पण ते बारा पदार्थ करतं कोण? पोलंडमधली माझी एक मैत्रीण सांगायची, तिची आई तीन दिवस ओट्यापाशी उभी. चांदणी दिसेपर्यंत तिच्यात बसायचंही त्राण नसायचं. टर्कीचंही तेच. पहाटे पाचला ओव्हन लावायला एकच बाई उठते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांकडे होतं, निदान अर्धं. व्हेनेझुएलाच्या खलाशांबरोबर त्यांनी एक डिसेंबर काढला होता. त्यांच्याकडे नाताळला अयाका लागतात: मक्याचं पीठ केळीच्या पानावर थापायचं, त्यात गोमांस, डुकराचं मांस आणि कोंबडी एकत्र शिजवलेलं सारण, ऑलिव्ह, बेदाणे, घडी घालायची, दोऱ्याने बांधायची आणि उकळायची. एकट्याने शंभर करणं शक्यच नाही. म्हणून सगळं घर रांगेत बसतं. एक पानं पुसतो, एक थापतो, एक भरतो, बांधायला हाताने बळकट माणूस. "तिथे आजोबाही दोरा बांधतात," काका म्हणाले. "आणि प्रत्येकजण म्हणतो, सगळ्यात चांगल्या अयाका माझ्या आईच्या."

"मग वेळापत्रकात वेळेशेजारी माणसाचं नावही लिही," ताई बारक्याला म्हणाल्या. "बारा माणसं जेवणार ना? बारा जणांचे हात दिसले पाहिजेत." आख्ख्या संध्याकाळमधली सर्वांत कामाची सूचना मला हीच वाटली.

बारक्याने शेवटचा प्रयत्न केला. जपानमध्ये म्हणे लोक नाताळला केएफसीचं तळलेलं चिकन खातात, आठवडे आधी ऑर्डर देऊन. आणि वर स्ट्रॉबेरीचा केक. तिथे ना उपास, ना मिसा. खरं आहे ते. 1974च्या जाहिरातीपासून ती पद्धत पडली, आणि जपानमध्ये ख्रिस्ती लोक जेमतेम शंभरात एक. मास्तर म्हणाले हे नाताळचं जेवण नव्हेच. मला ते कठोर वाटलं. घरचे एकत्र बसून जेवतात, वर्षभर त्या संध्याकाळची वाट बघतात, त्यात वाईट काय? पण माझ्या हिशेबात ते बसत नाही हेही मी कबूल केलं. तशीच ऑस्ट्रेलिया. भर उन्हाळा, थंड कोळंबी आणि थंड हॅम, सिडनीचा मासळीबाजार नाताळच्या तोंडावर सलग 36 तास उघडा. हवामानापुढेही ताट वाकतं.

"पुढच्या वर्षी काय केलंत काका?" बारक्याने विचारलं.

"पुढच्या वर्षी? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला विचारलं, तुझ्या आईकडे काय करतात आणि किती वाजता. वहीत लिहून घेतलं. चोवीसला बीटचं सूप आणि मासा. पिएरोगी दुमडायला फिलिपिनो पोरं बसली, फार सुबक दुमडली. बारानंतर हॅम, तेही गरम. कुत्यासाठी खसखस मिळाली नाही. सामान सिंगापूरला भरलं होतं आणि तिथे खसखशीचे नियम फार कडक. मग गहू, मध आणि अक्रोड घालून केलं, आणि सहा जानेवारीला वाढलं. इंजिनवरच्या युक्रेनी फिटरने एक चमचा खाल्ला आणि भांडंच जवळ ओढून घेतलं."

बारक्याने कागद उलटा केला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे 24, उजवीकडे 25. डाव्या बाजूला त्याने पोर्तुगालचा कॉड लिहिला, बटाटे, कोबी, उकडलेली अंडी आणि ऑलिव्ह तेल. मग मान वर न करता विचारलं, "खारवलेला कॉड भिजवायचा किती वेळ?"

"जाड तुकडा असेल तर दोन दिवस. बावीसला पाण्यात टाक, फ्रिजमध्येच ठेव, पाणी दिवसातून तीनदा बदल."

"आणि टर्कीही बावीसलाच फ्रिजमध्ये सुटायला ठेवायची. फ्रिज एकच धरलाय मी."

"मग आख्खी घेऊ नकोस," नर्सताई म्हणाल्या. "छाती वेगळी घे, मांड्या वेगळ्या. जागा कमी लागेल, लवकर सुटेल, आणि मांडी आधी ओव्हनमध्ये टाकलीस की छाती कोरडीही पडणार नाही."

"पण मग टेबलावर आख्खा पक्षी दिसणार नाही."

"नाही दिसणार," काका म्हणाले, आणि बारक्या पेन तोंडात धरून विचार करत बसला.