अंगण सरळ करताना

जुहूच्या धावपट्टीवर उतरताना मी आजवर अकरा वेळा समुद्रात पडलो आहे. दोनदा एका इमारतीत घुसलो आणि एकदा, कसा ते विचारू नका, उलटा उतरलो. हे सगळं डोंबिवलीत, जेवणाच्या टेबलावर, रात्री दहा ते अकराच्या दरम्यान.

याच जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा टपालाची पोती घेऊन उतरले होते. सकाळी कराचीहून निघाले, मध्ये अहमदाबादला टेकले आणि दुपारी जुहू. विमान पुस मॉथ, एका इंजिनाचं, कापडाने मढवलेलं. माझ्याकडे सोळा जीबी रॅम होती, वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, खिडकीबाहेर उपग्रहाच्या फोटोंवरून बेतलेली हुबेहूब मुंबई होती. तरी मी समुद्रात.

दोष अर्थातच कीबोर्डचा होता. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, कीबोर्डवरही चालतो. उजवीकडच्या आकड्यांमधला ४ दाबला की विमान डावीकडे कलतं, ६ दाबला की उजवीकडे. पण ‘जरासं’ हा शब्द कीबोर्डला ठाऊक नाही. बटण एक तर दाबलेलं असतं, नाही तर सुटलेलं. आमटीत मीठ घालायला चमच्याऐवजी पोतंच उपडं करावं, तसा प्रकार.

हे मी आमच्या हिला समजावून सांगितलं. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं.”

मला ही म्हण अन्यायकारक वाटते. अंगण खरंच वाकडं असलं तर? त्या नाचणारीच्या अंगणात कोणी पाणसळ लावून पाहिली होती का? मी ठरवलं, आपण अंगण सरळ करून घ्यायचं. पुढची दोन वर्षं आणि एक मुदत ठेव त्यात गेली.

पहिली जॉयस्टिक मी लॅमिंग्टन रोडवरून आणली. दुकानातल्या पोराने विचारलं, “गेमिंगसाठी?” मी म्हटलं, “नाही, उड्डाणासाठी.” त्याने माझ्या डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, “तेच ते, काका.”

ह्या जॉयस्टिकचा दांडा पुढेमागे, डावीउजवीकडे हलायचा आणि जागच्या जागी पिळायचाही. पिळला की शेपटीवरची नाक वळवणारी झडप, रडर, हलणार, म्हणजे ती पायांनी हलवायला वेगळी पायडलं घ्यायला नकोत. कल्पना छान. पण घट्ट बसलेलं बरणीचं झाकण पिळताना बरणीही कलते की नाही? तसंच. मी नाक उजवीकडे वळवायला दांडा पिळायचो, मनगटासोबत दांडा कलायचा आणि विमान एका पंखावर झुकायचं. ते सावरायला दांडा उलट कलवला की पीळ सुटायचा. जुहूच्या वर माझं विमान दारूच्या दुकानातून निघाल्यासारखं डुलत यायचं.

आठ महिन्यांनी दांड्याला हात न लावताही विमान डावीकडे जाऊ लागलं. मी स्क्रू काढून आत पाहिलं आणि मला आमचा जुना रेडिओ आठवला. त्याचा आवाजाचा कान पिळला की खरखर यायची. तोच भाग या जॉयस्टिकमध्ये होता: पोटेन्शिओमीटर. कार्बनच्या पट्टीवरून धातूचं एक बोट घासत फिरतं. घासून घासून पट्टी झिजते, आणि रेडिओत जी खरखर ऐकू येते ती इथे विमानाला झटक्यांच्या रूपात दिसते. यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमध्ये डेड झोन वाढवता येतो. म्हणजे मधल्या काही अंशांत दांडा कितीही हलवा, विमान दखलच घेणार नाही. आमच्या शाखेतला जेवणाच्या सुट्टीचा काउंटरच. मी तो इतका वाढवला की शेवटी दांडा पार टोकाला नेल्याशिवाय विमानाला जाग येईना.

तेव्हा कळलं की घ्यायची तर हॉल इफेक्टवाली घ्यावी. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन माणसाने १८७९ साली हा गुण शोधला: चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या वाहकातून वीज सोडली की तिला आडवा विद्युतदाब निर्माण होतो. चुंबक हलला की दाब बदलतो, त्यावरून दांडा कुठे आहे ते समजतं. चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवतही नाहीत, मग झिजायचं काय? सोवळ्यातला सेन्सर. आमच्या आजीला पसंत पडला असता.

पण सेन्सर ठरला म्हणून दांडा ठरत नाही. इथे पंथ आहेत. लढाऊ विमानवाल्यांना मांड्यांच्या मधला दांडा हवा. एअरबसवाल्यांना बाजूचा, साइडस्टिक. १९८७ साली ए३२० विमान पहिल्यांदा उडालं आणि वैमानिकासमोरचं चाक जाऊन तिथे जेवायचं ट्रे-टेबल आलं. खरंच आलं, समोरून ओढून घेता येतं. कॅप्टन डावीकडे बसतो म्हणून त्याची काठी डाव्या हाताशी. दोन वैमानिकांच्या दोन काठ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. दोघांनी एकाच वेळी हलवल्या तर विमान दोघांच्या हुकमांची बेरीज करतं आणि ‘ड्युअल इनपुट’ म्हणून ओरडतं. आमच्या घरात पडद्यांचा रंग ह्याच पद्धतीने ठरला होता. मला डाव्या हाताने सहीसुद्धा करता येत नाही, त्यामुळे एअरबस बाद.

मी शिकत होतो सेसना १७२ वर. हे विमान १९५६ पासून बनतंय आणि चव्वेचाळीस हजारांहून जास्त बनलीत. म्हणजे विमानांतली बजाज चेतकच. त्याला असतो योक, दोन शिंगांचं अर्धवट स्टिअरिंग, फिरतंही आणि पुढेमागे सरकतंही. हिने शब्दकोश काढला. “योक म्हणजे जू,” ती म्हणाली. “बरोबर. फक्त बैल किंमत विचारतोय.”

योकमध्येही तो किती अंश फिरतो यावर बाजार चालतो. लॉजिटेकचा ९० अंशांत फिरतो, हनीकोम्बचा अल्फा १८० अंशांत. खऱ्या सेसनाच्या जवळचा म्हणून मी १८० वाला निवडला. तो हाती आल्यावर नवीनच प्रश्न उभा राहिला. योक शिकंज्याने टेबलाच्या कडेला आवळायचा असतो, आणि आमच्या टेबलाच्या फळीखाली चार इंच रुंदीची आडवी पट्टी. शिकंजा तेवढा उघडेना. सुताराला बोलावलं.

“नक्की काय बसवायचंय?”

“विमानाचं चाक.”

त्याने टेबलाखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग आतूनच म्हणाला, “पट्टी कापली तर टेबल लटलट हलणार, साहेब. विमान हललेलं चालतं का?”

शेवटी त्याने पाऊण इंची प्लायची एक जादा फळी टेबलाच्या वर बसवून ती कडेच्या बाहेर काढून दिली. योक तिच्यावर आला. तेव्हापासून मी त्या दोन शिंगांच्या मध्ये ताट ठेवून जेवतो. ही वाढताना विचारते, “लँडिंग झालं का? पोळी टाकते.”

एवढं करून विमान समुद्रातच. कारण आता चाक उत्तम होतं, पण पायांचं काय?

प्रोपेलर हवा पिळत मागे सोडतो, ती गोल फिरत शेपटीवर डावीकडून आदळते, आणि टेकऑफला पूर्ण ताकद दिली की विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं. ते उजव्या पायाने रोखायचं. मग पायडलं नसतील तर अंगण वाकडंच, नाही का? मी बघायला सुरुवात केली. स्वस्तातल्या पायडलांची पावलं इतकी जवळ की गुडघे एकमेकांवर आपटावेत. क्रोएशियात बनणाऱ्या क्रॉसविंड नावाच्या जोडीवर माझा जीव जडला होता, पण तिच्या किमतीवर जहाजभाडं आणि कस्टम ड्युटी चढवून जो आकडा आला, तो पाहून मी लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मधल्या भावातली एक जोडी घेतली.

खोकं उघडताच ही म्हणाली, “अगं बाई, पायपेटी!”

ती गमतीने बोलली, पण नकळत इतिहास बोलून गेली. विमान जमिनीवर शिकवणारं पहिलं गाजलेलं यंत्र ज्याने केलं, तो एडविन लिंक न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावचा. वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना. विमान शिकायचे पैसे परवडेनात, म्हणून त्याने १९२०च्या दशकाच्या अखेरीस ऑर्गनचेच भाते घेऊन एक खोटं विमान तयार केलं. दांडा कलवला की भात्यात हवा भरायची आणि पेटी कलायची. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखं विकलं गेलं. मग १९३४ मध्ये अमेरिकन सैन्यावर टपाल वाहायची पाळी आली, ढगांत वैमानिक मरू लागले, तेव्हा सैन्याने सहा नग घेतले. माझे आजोबा संगीत नाटकांत ऑर्गनवर होते. दोन्ही पायांनी भाता मारत ते रात्र रात्र बसायचे. म्हणजे पाय हलवत एका जागी बसून कुठेही न पोचण्याची कला आमच्याकडे वंशपरंपरेने आली आहे.

पायडलं फरशीवर ठेवली आणि उजवं दाबलं. पायडलं पुढे सरकत भिंतीपाशी गेली. त्यांच्यामागे पाटा उभा केला. मिक्सर आल्यापासून तो गॅलरीत निवृत्त होता. पुन्हा उजवं दाबलं. पाटा हलला नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार मी हललो. ऑफिसची चाकांची खुर्ची, मी, आणि माझा उजवा पाय, असे तिघे स्वयंपाकघराच्या दिशेने निघालो.

चाकांखाली चपला घालायचा उपाय मला सुचला. खुर्चीला चाकं पाच, म्हणजे चपला अडीच जोड. दोन जोड जुन्या मिळाल्या. पाचवी ती, जिची जोडीदार गेल्या संकष्टीला देवळाबाहेरून गेली होती. ती कशाला जपून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

आता विमान हलेना. इंजिन पूर्ण ताकदीवर, प्रोपेलर गरगरतोय आणि सेसना जागची ढिम्म. तीन दिवसांनी सेटिंगमध्ये एक उलटी खूण सापडली: पायडलांच्या वरच्या भागातले ब्रेक उलटे लागले होते. पाय काढला की ब्रेक, दाबला की मोकळे. ते सुलट केल्यावर विमान चालू लागलं, पण म्हशीच्या चालीने. धावपट्टी संपत यायची तेव्हा कुठे वेग पंचावन्न नॉट व्हायचा. मी ओळखलं, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा, कमजोर आहे. वेगळा थ्रॉटल मागवला. टेबलावरची फळांची परडी फ्रिजवर गेली.

तशाही अवस्थेत मी नाक जबरदस्तीने उचलायचो आणि वेग नसल्याने स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा वाजायचा. सेसनाच्या डाव्या पंखात त्यासाठी बारीकसं भोक असतं. पंखाच्या पुढच्या कडेवरचा हवेचा दाब घटला की ती हवा ओढून घेते आणि आतली पत्ती वाजू लागते, अगदी पेटीच्या सुरासारखी. वीज नाही, बीज नाही. शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, “रात्री अकराला पेटी कोण शिकतंय? एकच सूर चाललाय महिनाभर.”

दिवाळीत भाची आली. ती बारामतीला विमान शिकते. मी तिला मोठ्या अभिमानाने कॉकपिट दाखवलं, जुहूहून टेकऑफ घेऊन दाखवला, आणि म्हटलं, “हा थ्रॉटलही कमजोरच निघाला बघ.”

ती स्क्रीनकडे बघतच नव्हती. ओणवी होऊन टेबलाखाली बघत होती.

“मामा, टाचा जमिनीला लावा.”

“म्हणजे?”

“तुम्ही अख्खं पाऊल पायडलावर ठेवलंय. बोटं वरच्या भागावर आहेत. दोन्ही ब्रेक दाबून टेकऑफ घेताय.”

मी टाचा खाली घेतल्या. विमान सुटलं ते बाणासारखं. दोन थ्रॉटल समोरासमोर माझ्याकडे बघत होते. स्वयंपाकघरातून काही आवाज आला नाही, पण तिथे सगळं ऐकू गेलं होतं.

मग भाचीला चपला दिसल्या. मी न्यूटनपासून सगळं सांगितलं, आणि ती खाली फरशीवर बसून हसायला लागली. खऱ्या सेसनाची सीट म्हणे रुळांवर असते. खिट्टी नीट बसलेली नसली, तर टेकऑफला नाक वर होताच वैमानिक सीटसकट मागे जातो. हातात योक असतो, तो ओढला जातो, नाक आणखी वर, आणि खेळ खलास. असे अपघात झालेत. १९८७ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक खात्याने त्या रुळांच्या तपासणीचा हुकूमच काढला.

“आम्ही इंजिन सुरू करायच्या आधी सीट गदागदा हलवून बघतो,” डोळे पुसत ती म्हणाली. “मामा, या सगळ्यात हुबेहूब सेसनासारखी एकच गोष्ट होती. तिला तुम्ही चपला घातल्यात.”

ती गेल्यावर, रात्री दहाला, मी टेबलाखाली वाकून पाचही चपला काढल्या. जुहूची धावपट्टी समोर, टाचा जमिनीला, थ्रॉटल पुढे. पन्नास नॉट, पंचावन्न. योक अलगद ओढला, नाक उचललं, उजवा पाय दाबला आणि खुर्ची निघाली. योक मी सोडला नाही. नाक आभाळाला भिडलं, पाठ फ्रिजला टेकली, वरच्या परडीतली दोन संत्री खाली आली, आणि पेटी वाजू लागली. शेजारच्या काकूंच्या घरातला दिवा लागला.