अळंबी वारुळाची आहे, ती वारुळाजवळच राहू द्या

परवा नाशिक-पेठ रस्त्याला करंजाळीच्या अलीकडे दोघं जण बांधावरचं वारूळ पहारीनं फोडताना दिसले. विचारलं तर म्हणाले, "अळंबी मुळासकट काढतोय ताई, घरी कुंडीत लावू." गाडी नाशिकचीच. तेव्हापासून जीवाला चैन नाही.

अहो, ही कुंडीत लागत नाही! धिंगरी (ऑयस्टर मशरूम) गव्हाच्या काडावर येते, बटण मशरूम कंपोस्टवर. हिला मात्र उधईच, म्हणजे वाळवीच लागते. उधई वाळका पाला, काटक्या खाते आणि वारुळाच्या पोटात आपल्या विष्ठेचं स्पंजासारखं पोळं रचते. त्यावर ही बुरशी वाढते. लाकडातलं जे उधईला पचत नाही ते बुरशी कुजवून मऊ करते, आणि उधई पोळं नि त्यावरचे बुरशीचे पांढरे दाणे खाते. आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली ही शेती आहे. पाऊस लागला की त्या पोळ्यातून देठ निघतो, माती भेदत वर येतो आणि मग छत्री उघडते. ते लांबलचक 'मूळ' म्हणजे जमिनीतला देठच. तो उपटून नेला तर हातात काय उरणार?

माझी मामी देठ जमिनीलगत धरून हलकेच पिळून काढते. उमललेल्या चार छत्र्या ठेवून येते. जागा मात्र कुणाला सांगत नाही, सख्ख्या जावेलाही नाही.

आणि कृपा करून कॉलनीतल्या हिरवळीवरच्या पांढऱ्या छत्र्या अळंबी समजून खाऊ नका. त्यात एक विषारी जात असते. तिच्या देठावर कडं असतं, खालच्या पाकळ्या पुढे हिरवट होतात, आणि ती खाल्ली की उलट्या-जुलाबांनी माणूस बेजार होतो. सोबत शिजवलेला लसूण काळा पडला तरच अळंबी विषारी, ही समजूत साफ खोटी आहे. खायची हौस असेल तर अळंबीची ओळख असलेल्या विकणाऱ्या बाईकडून पानावरचा वाटा घ्या. भाव करू नका. ती पहाटे चिखल तुडवून आलेली असते.

दोन वर्षांपूर्वी मामाच्या शेजारच्यांनी जेसीबी लावून सामाईक बांध सपाट केला. वारूळही गेलं. चार गुंठे भात वाढला असेल. मी तेव्हा तिथंच उभी होते आणि काही बोलले नाही, ते अजून सलतं. मामी आजही पहिल्या मोठ्या गडगडाटानंतर सकाळी टोपली घेऊन त्या जागेवर जाऊन येते.