हिरोशिगेने हा ठसा कोरलेला नाही

चांदण्यातला सरळ रस्ता, उजवीकडे काबुकी या जपानी नाट्यप्रकाराच्या नाट्यगृहांची रांग, माणसांच्या पायाशी पडलेल्या सावल्या. एकोणिसाव्या शतकातला जपानी चित्रकार हिरोशिगे याचं, सारुवाका-माची या रस्त्याचं, लाकडी ठशांनी छापलेलं हे रात्रीचं चित्र सध्या एका मजकुरासह फिरतंय: ‘चित्रकाराने एकाच लाकडात स्वतःच्या हाताने कोरलेलं, फक्त वनस्पतींच्या रंगांत छापलेलं, जगात एकच प्रत असलेलं, जुन्या एदो शहराचं जणू छायाचित्र.’ (एदो म्हणजे आजचं टोकियो.) चित्र अस्सल आहे, पण हे वर्णन चुकीचं आहे, आणि त्यात ज्यांनी खरी मेहनत केली त्यांचाच विसर पडलाय.

‘स्वतःच्या हाताने कोरलं’ हे आधी घेऊ. हिरोशिगेने पातळ कागदावर शाईने रेखाटन केलं. पैसा आणि कारागीर प्रकाशक उओया एइकिचीचे. कोरणाऱ्याने ते रेखाटन चेरीच्या फळीवर पालथं चिकटवलं, वरचे तंतू बोटाने चोळून काढले आणि प्रत्येक रेषेच्या दोन्ही कडा सुरीने कापल्या. मधलं लाकूड पटाशीने काढलं. या कामात मूळ रेखाटन नष्टच होतं. म्हणजे ‘चित्रकाराच्या हातचं मूळ’ शोधायला गेलं, तर ते फळीवरच संपलेलं असतं. आपल्याकडे रविवर्म्याच्या तसबिरी घाटकोपरला आणि पुढे मळवलीला छापखान्यातले कारागीर दगडावरून छापत होते. इथेही कामाची वाटणी तशीच होती, फक्त दगडाऐवजी लाकूड.

‘एकाच लाकडात’ तर शक्यच नाही. काळ्या रेषांचा मुख्य ठसा आधी तयार होतो. त्याच्या प्रती काढून प्रत्येकीवर एकेका रंगाची जागा दाखवतात आणि त्यावरून रंगांचे ठसे कोरतात. प्रत्येक ठशावर ‘केंतो’ नावाच्या दोन खुणा असतात: कोपऱ्यात काटकोनी, कडेला सरळ. कागद दर वेळी त्यांनाच टेकवायचा. कागद कागदी तुतीच्या सालीचा, सरस आणि तुरटी लावलेला, आणि छापताना सारखाच ओलसर हवा. मध्येच वाळला तर आकसतो आणि रंग रेषेबाहेर सरकतो. ठशावर पाण्यातला रंग आणि तांदळाची खळ ब्रशने पसरून कागद वरून ‘बारेन’ने घासतात. बारेन म्हणजे बांबूच्या सालीच्या वेटोळ्या दोरीची, सालीतच गुंडाळलेली चकती.

आता या चित्रातलं आकाश बघा. वर गडद, खाली येताना विरत जाणारं. ही छटा, ‘बोकाशी’, लाकडात कोरलेली नसते. छापणारा ठसा ओल्या फडक्याने पुसतो, रंग एकाच कडेला देतो आणि ब्रशने तो पाण्यात विरवत नेतो. हे प्रत्येक कागदासाठी नव्याने करावं लागतं. त्यामुळे कुठल्याही दोन प्रतींचं आकाश तंतोतंत सारखं नसतं.

प्रती मात्र पुष्कळ. परंपरेने एक घाणा 200 कागदांचा, आणि मागणी असेपर्यंत घाण्यांमागून घाणे. किंमत साधारण वाटीभर सोबा शेवयांइतकी. उशिराच्या प्रतींत झिजलेल्या ठशांच्या रेषा तुटतात आणि छटांची मेहनतही कमी होते. ‘एकमेव’ म्हणून कोणी लाखोंची किंमत सांगत असेल, तर सावध राहा.

रंग सगळे वनस्पतींचे नव्हते. या काळातल्या छापील आकाशांमधला गाजलेला निळा ‘बेरो-आइ’, म्हणजे प्रशियन ब्लू. हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला रासायनिक रंग. 1830 च्या सुमारास तो जपानी छपाईत सर्रास आला.

‘छायाचित्र’ म्हणणंही बरोबर नाही. एका बिंदूकडे धावणाऱ्या छपरांच्या रेषा ही पाश्चात्त्य चित्रांतून शिकून केलेली मांडणी आहे, आणि माणसांच्या सावल्या उकियो-ए, म्हणजे अशा जपानी ठशांच्या चित्रांत विरळाच. जागा मात्र खरी. शोगुनशाहीने, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी राजवटीने, 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला काबुकी नाट्यगृहं शहराच्या मध्यातून उठवून असाकुसा भागाजवळ या रस्त्यावर आणली. 1855 च्या भूकंपात आणि आगीत ती जळाली. हे चित्र 1856 चं, म्हणजे पुन्हा उभ्या राहिलेल्या रस्त्याचं. आगीच्या धास्तीने खेळ दिवसाउजेडी संपायचे, म्हणून चांदण्यात दिसणारी ही वर्दळ खेळानंतरची आहे.

हातातली प्रत ठशाची आहे का, हे पाहायचं तर ती पालथी करा. हातछपाईत रंग तंतूंमध्ये मुरून मागे उतरलेला आणि बारेनच्या गोलसर खुणा उमटलेल्या असतात. यंत्रावरच्या छपाईत भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते.